ब्रेक-बॅरल एअर रायफल: ग्रुप चांगला, पण नेम जागा सोडतो

४.५ मिमीची, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल. दहा मीटरवर दुर्बीण शून्याला लावली, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवले, पाच छर्रे एकमेकांना खेटून पडले. आठवड्याने पुन्हा काढली तर ग्रुप (छऱ्यांच्या भोकांचा झुबका) तेवढाच घट्ट, पण पंधरा मिमी खाली. टरेट (दुर्बिणीवरची नेम सरकवायची चकती) फिरवून वर आणला, तर वीस-पंचवीस छऱ्यांनंतर तोच ग्रुप वर चढून बसला. मग दुर्बीण बदलली जाते, त्यानंतर स्प्रिंग बदलली जाते आणि पैसे खर्च होऊनही दोष जागच्या जागी राहतो. सांगली, मिरज, कराड, सातारा पट्ट्यात सुरुवातीचा सराव याच प्रकारच्या रायफलींवर होत असल्याने ही तक्रार सारखी ऐकू येते.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. हे सगळे ४.५ मिमी म्हणजे ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० जूल ऊर्जेच्या आतल्या एअर रायफलीपुरते आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे तिला परवाना लागत नाही. बारुदाच्या सिंगल-शॉट रायफलीचे चेंबर (काडतूस बसायची जागा) नव्याने रीम करणे म्हणजे कोरणे, तिच्यासाठी गोळ्या ओतणे, काडतुसे भरणे हा वेगळा विषय आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खाली ते उत्पादन-दुरुस्तीचा परवाना असणाऱ्याचेच काम आहे. लेथ उत्तम आहे म्हणून कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपात ते करून घेता येत नाही, करूही नये.

टरेटला हात लावण्याआधी हिशेब

नेम खाली गेला की पहिला संशय वेगावर जातो: स्प्रिंग बसली, हवा गळते. हा संशय दहा मीटरवर आकड्यांत टिकतो का ते आधी पाहू.

छर्रा सरासरी सेकंदाला १७० मीटर वेगाने गेला तर दहा मीटर कापायला त्याला ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने १७ मिमी खाली येतो. वेग दहा टक्क्यांनी पडून १५३ झाला तर तो २१ मिमी खाली येईल. म्हणजे फरक चार मिमी. पंधरा मिमीचा फरक निव्वळ वेगामुळे पडायचा तर वेग १७० वरून १२५ च्या घरात यावा लागेल, आणि तेवढा पडला तर आवाजावरून व लोखंडी पत्र्यावरच्या टोल्यावरूनच कळते. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हललेली असते, त्यामुळे वेग बदलला की प्रत्यक्षातला फरक या हिशेबापेक्षा थोडा जास्त येतो. तरी पंधरा मिमी नाही.

आता कोनाचा हिशेब. दहा मीटरवर पंधरा मिमी म्हणजे नळीचा कोन हजारात दीड भागाने बदलला. नळी ज्या बोल्टवर मोडते त्या पिव्हटपासून, मिटलेली नळी धरून ठेवणाऱ्या लॉकच्या पाचरीपर्यंत साधारण ३० मिमी अंतर धरले, तर एवढा कोन बदलायला लॉकपाशी ०.०४५ मिमीचा फरक पुरतो. वर्तमानपत्राचा कागदसुद्धा याहून जाड असतो. शिशाचा एक कीस, वाळलेल्या ग्रीसचा थर किंवा पाचर पूर्ण आत न जाणे, यातले काहीही एवढा फरक घडवते.

म्हणून शोधाची सुरुवात लॉकपासून होते. स्प्रिंग शेवटी.

दुर्बीण काढून पाहा

बहुतेक ब्रेक-बॅरल रायफलींची मागची साइट (नेम धरायची खूण) नळीच्याच मागच्या ठोकळ्यावर बसवलेली असते. पुढची साइट तर नळीच्या तोंडावर असतेच. नळी थोडी वर-खाली बसली तर दोन्ही साइट तिच्याबरोबर हलतात आणि नेमणारा त्या पुन्हा लक्ष्याच्या कार्डावर आणतो. छर्रा जागेवर पडतो. दुर्बीण मात्र सिलिंडरवर (स्प्रिंग आणि पिस्टन असलेल्या मागच्या नळकांड्यावर) असते. नळी हलली तरी ती हलत नाही आणि सगळा फरक कार्डावर उमटतो.

यातूनच सर्वांत स्वस्त चाचणी मिळते. मागची साइट खरोखर नळीवर आहे ना ते आधी बघा, कारण ती सिलिंडरवर असेल तर या चाचणीला अर्थ नाही. नळीवर असेल तर दुर्बीण माउंटसकट (तिला धरणाऱ्या पकडीसकट) उतरवा आणि उघड्या साइटवर पाच-पाच छऱ्यांची तीन कार्डे घ्या: एक सकाळी, एक दुपारी, एक दुसऱ्या दिवशी. तिन्ही कार्डांच्या कडा जुळवून एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या उजेडापुढे धरा. भोके एकाच ठिकाणी आली तर दोष लॉक, पिव्हट, माउंट किंवा दुर्बीण या चौघांत आहे. भोके कार्डागणिक सरकली तर दस्त्याचे स्क्रू, छर्रे, नळीचे तोंड, तेल आणि धरण्याची पद्धत तपासायची.

चाचणीत धरण्याची पद्धत एकच ठेवा. स्प्रिंगची रायफल कठीण टेबलावर टेकवून मारली की उसळते आणि ग्रुप फाटतो. वाळूच्या पिशवीवर तळहात, तळहातावर दस्ता सैल टेकलेला, आणि तोही दर वेळी त्याच ठिकाणी. दस्त्याखाली चिकटपट्टीचा तुकडा लावून जागा पक्की करा. खांद्याला आवळून धरू नका. अशा बैठकीत साधी चांगली ब्रेक-बॅरल दहा मीटरवर पाच छऱ्यांचा दहा-बारा मिमीचा ग्रुप देते. मॅच रायफलीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

छर्रा भरताना एक हात कायम नळीवर हवा. नळी मोडलेली असताना ट्रिगर सुटला तर ती झटक्यात मिटते आणि बोटे जातात. डोळ्यांना चष्मा आणि मागे ४५ अंशांत खाली झुकवलेला लोखंडी पत्रा असलेली छर्रापेटी, याशिवाय चाचणी करू नका.

लॉक की दुर्बीण: डायल गेजचा निवाडा

मिरज-कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये ०.०१ मिमीपर्यंत हालचाल मोजणारा डायल गेज आणि त्याला धरणारा मॅग्नेटिक बेस असतो. अर्ध्या तासासाठी तो मिळाला तर महिनाभराचे तर्क वाचतात.

रायफल रिकामी, स्प्रिंग सुटलेली. सिलिंडर व्हाइसमध्ये आवळू नका. त्याचा पत्रा चपटा झाला की आत पिस्टन घासायला लागतो. दोन लाकडी व्ही-ठोकळ्यांवर ठेवून पट्ट्याने बांधा. मॅग्नेटिक बेस सिलिंडरवरच बसवा, म्हणजे ठोकळ्यांवर रायफल हलली तरी मोजणी बिघडत नाही. गेजचे टोक वरून नळीवर, पिव्हटपासून २०० मिमी अंतरावर टेकवा आणि काटा शून्यावर आणा. या अंतरावर गेजची एक रेघ (०.०१ मिमी) म्हणजे दहा मीटरवर अर्धा मिमी.

आता नळी लॉक सुटेल इतकीच खाली मोडा, स्प्रिंग चढवू नका, आणि परत मिटा. काटा वाचा. असे दहा वेळा करा: पाच वेळा हलक्या हाताने मिटून, पाच वेळा तळहाताने शेवटचा दाब देऊन.

दहाही वाचने चार रेघांत राहिली तर लॉकला दोष देऊ नका, सरळ माउंटकडे जा. दहा रेघांहून जास्त फरक आला तर दोष सापडला. हलक्या हाताने मिटल्यावर एक वाचन आणि दाबल्यावर दुसरे, असे दोन गट पडले तर पाचर आपल्या बळावर पूर्ण आत जात नाही. वाचने कशीही विखुरली तर घाण, झिजलेली पाचर किंवा पिव्हटचा खेळ (सैलपणा).

पिव्हटसाठी गेजचे टोक बाजूने टेकवा आणि नळी बोटांनी डावी-उजवीकडे ढकला. काटा हलून परत त्याच रेघेवर आला तर लवचीकपणा आहे, तो चालतो. ढकलल्यावर तिथेच थांबला तर खेळ आहे.

लॉकची दुरुस्ती

बहुतेक रायफलींत नळीच्या ठोकळ्यात खालच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेली पाचर असते आणि ती सिलिंडरच्या दोन कानांमधल्या आडव्या पिनवर चढून नळी आवळून धरते. काहींत पाचरीऐवजी पोलादी गोल गोळी (बॉल) असते. दोन्हींचा शत्रू एकच: छर्रा नीट न बसता भरला गेला की त्याच्या कडेचे शिसे खरवडून खाली पडते, ग्रीसमध्ये मिसळते आणि पाचरीच्या उतारावर थापले जाते. आटपाडी, जत, माण-खटावच्या उन्हाळ्यातली धूळ त्यात मिसळली की थर कडक होतो.

बांबूच्या काडीने थर खरवडा. लोखंडी टोक वापरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पाचर, पिन आणि कानांच्या आतल्या बाजू पुसा. मोली (मॉलिब्डेनम) ग्रीस लावा, पण टाचणीच्या डोक्याएवढेच आणि फक्त उतारावर.

मग पाचरीचा उतार काळ्या मार्करने रंगवा, नळी पाच वेळा मिटा आणि रंग कुठे पुसला ते भिंगाखाली पाहा. उताराच्या मधोमध, पूर्ण रुंदीत एकसारखी आडवी रेघ उमटली तर लॉक ठीक. रेघ एकाच कडेला असेल तर ठोकळा कानांमध्ये तिरका बसतो आहे. पाचरीला हात न लावता पिव्हट दुरुस्त करा. रेघ उताराच्या मुळाशी असेल आणि टोक पलीकडे धातूला टेकल्याची खूण दिसत असेल, तर पाचर झिजून संपली आहे. ती नळी वर ओढतच नाही, फक्त अडवते. अशी पाचर बदलायची. कानस लावून उताराचा कोन 'सुधारायला' गेलेल्या पाचरी पुन्हा उपयोगाच्या राहत नाहीत, कारण कोन एका अंशाने बदलला तरी ती किती आत जाते ते बदलते.

दाबून मिटल्यावर आणि हलक्या हाताने मिटल्यावर फरक येत असेल तर पाचरीमागची स्प्रिंग थकली आहे. पिन पंचने काढताना ठोकळ्यावर कापड धरा, स्प्रिंग उडते. नवी घेताना बाहेरचा व्यास आणि तारेची जाडी जुन्याइतकीच ठेवा. लांबी मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त चालते. फार कडक घातली तर नळी मोडायला ठोसा मारावा लागतो आणि त्या ठोशांनी पिव्हट सैल होतो.

सील: गळती थांबवताना नवा दोष येतो तो इथे

नळीच्या मागच्या तोंडाभोवतीची ओ-रिंग, म्हणजेच सील, हवा अडवते. तपासणी सोपी आहे: जोडावर टिश्यूची अरुंद पट्टी आडवी ठेवा, छर्रा भरूनच फायर करा. पट्टी उडाली तर गळती.

गळती दिसली की सीलखाली कागदाची किंवा टेफ्लॉन टेपची चकती घालून ते वर उचलायची पद्धत सर्रास आहे. उपाय बरोबर, प्रमाण चुकते. सील ठोकळ्याच्या तोंडापासून ०.१ ते ०.२५ मिमी वर असावे. अर्धा मिमी वर आले की मिटताना ते नळीला मागून ढकलते, पाचर पूर्ण चढत नाही आणि नळी तिरपी राहते. सील दर फायरला थोडे दबते आणि रायफल ठेवून दिली की परत फुगते. आठवड्याने नेम खाली आणि वीस-पंचवीस छऱ्यांनी वर, ही सुरुवातीला सांगितलेली चाल नेमकी अशी घडते. गेजवरही ते दिसते: नळी मिटल्यावर काटा थांबत नाही, मिनिटभर सावकाश सरकत राहतो.

वर्निअरच्या खोली मोजायच्या पट्टीने सील किती वर आहे ते मोजा. जास्त असेल तर खालच्या चकत्या एकेक काढा. सील कडक होऊन चिरले असेल तर बदला: नायट्राइल रबर, कडकपणा ७० शोर. ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिकची सीले विकणाऱ्या दुकानात खाच मोजून घेऊन गेलात तर जवळचा आकार मिळतो. सिलिकॉनची ओ-रिंग घेऊ नका, ती मऊ असते आणि कडेला फाटते.

पिव्हट

नळी मोडून मध्येच सोडली तर ती त्याच कोनात थांबायला हवी. आपल्या वजनाने खाली आली तर पिव्हट सैल आहे. हाताने जोर लावावा लागला तर फार आवळलेला. बोल्टवर लॉक-नट किंवा बारीक लॉक-स्क्रू असतो, तो आधी सोडा, बोल्ट पाव फेऱ्याहून कमी फिरवत नळी थांबेल तिथे आणा, मग लॉक आवळून परत तपासा. लॉक आवळताना बोल्ट थोडा पुढे जातो, म्हणून हे दोन-तीनदा करावे लागते.

काही रायफलींत बोल्ट नसून साधी पिन असते आणि आवळायला काहीच नसते. तिथे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरखाली ०.०५ मिमीचा पितळी शिम (पातळ चकती) घालावा लागतो, दोन्हीकडे सारखाच. एकाच बाजूला घातला तर नळी बाजूला सरकते आणि पाचरीवरची मार्करची रेघ लगेच एका कडेला जाते. म्हणून प्रत्येक शिमनंतर मार्करची चाचणी परत करा.

माउंट आणि दुर्बीण

स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे आणि मग पिस्टन थांबताना पुढे असा दोन्हीकडून येतो. बारुदाच्या रायफलीसाठी बनलेल्या दुर्बिणी पुढच्या धक्क्यासाठी नसतात आणि त्यांची आतली जाळी (नेमाच्या उभ्या-आडव्या रेषा) सैल होते. दुर्बिणीवर एअरगनसाठी असल्याचा उल्लेख नसेल तर तिच्यावर वेळ घालवू नका.

माउंट सरकतो का हे पाहायला ११ मिमीच्या खाचेवर माउंटच्या मागच्या कडेला लागून नेलपॉलिशची बारीक रेघ काढा. वीस छर्रे मारून पाहा. रेघ आणि कड यांच्यात फट पडली तर माउंटची थांब-पिन सिलिंडरवरच्या भोकात बसलेली नाही. खाच आणि माउंटचे जबडे अल्कोहोलने कोरडे करा, पिन भोकात उतरवा, रिंगांचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे आवळा.

दुसरी गोष्ट सहज सुटते. ब्रेक-बॅरलची नळी मुळातच थोडी खाली झुकलेली असते, म्हणून शून्यासाठी उंचीचा टरेट खूप वर फिरवला जातो. वरच्या टोकाला दुर्बिणीच्या आतल्या नळीला धरणारी स्प्रिंग सैल पडते आणि शून्य तरंगायला लागतो. टरेट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती क्लिक जातो ते मोजा आणि शून्य मधल्या अर्ध्यात आहे का पाहा. नसेल तर टरेट मधोमध आणून मागच्या रिंगखाली फिल्मची पट्टी घाला. रिंगांमधले अंतर १०० मिमी असेल तर ०.१ मिमीची पट्टी दहा मीटरवर दहा मिमी उचलते. ०.३ मिमीच्या वर गेलात तर दुर्बिणीची नळी रिंगेत वाकते. तेवढे लागत असेल तर उतार दिलेला माउंटच घ्या.

पॅरलॅक्स शेवटी तपासा. शंभर यार्डांवर बांधलेली दुर्बीण दहा मीटरला अंधुक दिसते आणि डोळा हलला की जाळी कार्डावर सरकते. रायफल पिशवीवर स्थिर ठेवा, हात न लावता डोके हलवा. जाळी सरकत असेल तर पुढे फोकसची कडी असलेली, दहा मीटरपर्यंत येणारी दुर्बीण हवी. गाल दस्त्यावर दर वेळी वेगळा टेकला तर हाच दोष नेम सरकल्यासारखा दिसतो.

छर्रे, आणि घरी ओतण्याबद्दल

एकाच डब्यात ४.४९ पासून ४.५२ मिमीपर्यंत डोकी मिसळलेली असतात, वजनही हलते. तोलायला ०.०१ ग्रॅमचा सोनारी काटा हवा. खानापूर-विटा-आटपाडी भागात सोने-चांदी गाळायच्या गलाई व्यवसायामुळे असा काटा घरोघरी नाही तरी गावोगावी आहे. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यांत ०.५२ ते ०.५४ सोडून बाकीचे बाजूला काढा. मग स्कर्ट (छऱ्याचा मागचा पोकळ, पातळ भाग) पाहा: पातळ कडेला चेप असलेला छर्रा सरावालासुद्धा वापरू नका.

बोटाने बसवताना छर्रा किंचित अडून आत गेला पाहिजे. आपोआप घसरला तर डोके लहान, खरवडला तर मोठे. बसवायची खोली सारखी ठेवायला पेनाच्या गोल मागच्या टोकाने स्कर्ट ठोकळ्याच्या तोंडाशी सपाट करा. स्कर्ट बाहेर राहिला तर तो मिटताना कापला जातो, आणि तो कीस लॉकमध्ये जातो.

शिसे ३२७ अंशांना वितळते, साचा करता येतो, मग घरीच का ओतू नये, असा प्रश्न वर्कशॉपवाल्यांकडून हमखास येतो. एअर रायफलीसाठी ओतू नका. छऱ्याचा पातळ स्कर्ट मागून येणाऱ्या हवेच्या दाबाने पसरून नळीतल्या खाचांना चिकटतो. कारखान्यात तो मऊ शिसे दाबून बनवतात. गाडीच्या चाकाच्या वजनांचे शिसे अँटिमनीमुळे कडक असते, ते पसरत नाही आणि हवा बाजूने निसटते. भरीव ओतलेली गोळी जड पडते. पिस्टन तिच्यामागच्या हवेवर आपटून मागे उसळतो, वेग पडतो आणि स्प्रिंगला मार बसतो. शिवाय बंद खोलीत वितळवलेल्या शिशाची धूळ व धूर लहान मुलांच्या मेंदूला घातक आहेत. छर्रे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि छर्रे तोंडात धरायची सवय मुलांना लागू देऊ नका.

उघड्या साइटवरही सरकत असेल तर

दस्त्याचे स्क्रू. पुढे दोन, ट्रिगर गार्डला एक किंवा दोन. मृग लागला की लाकूड फुगते, दिवाळीनंतर आकसते आणि तेच स्क्रू सैल होतात. महाबळेश्वर-पाटणकडे तर हा फरक हाताला जाणवतो. स्क्रू काढून तेल पुसा, दातेरी वॉशर घाला, मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, २४ तास थांबा. स्क्रूड्रायव्हर हाताने घट्ट, पान्याने नाही. लाकूड चेपले की ते कायमचे सैल.

नळी. ग्रुप उघडायला लागला तरच साफ करा. मासेमारीच्या जाड तंगूसाला कापडाचा तुकडा बांधून मागून तोंडाकडे ओढा. तोंडाकडून सळई घालू नका. साफ नळीला परत बसायला दहा-वीस छर्रे लागतात, तोवर शून्य लावू नका. पावसाळ्यात फोमच्या पिशवीत ठेवलेली रायफल आतून गंजते, कारण फोम ओल धरून ठेवतो. उघड्या कपाटात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.

नळीचे तोंड. कापसाची काडी आतून बाहेर कडेवर फिरवा. एका जागी धागा अडकला तर तिथे चीर आहे. नळीत कापसाचा बोळा घालून गोल डोक्याचा पितळी स्क्रू हँड-ड्रिलला लावा, डोक्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून तोंडावर हलके डोलवत फिरवा. काही सेकंदांनी थांबून पाहा. नळी कापून नवे तोंड करू नका. बऱ्याच नळ्या तोंडाशी मुद्दाम किंचित अरुंद केलेल्या असतात आणि कापली की तो भागच जातो.

तेल. शिलाई मशीनचे किंवा गंज सोडवायचे तेल हवेच्या भोकात घातले की ते दाबाने पेटते: जोराचा आवाज, धूर, जळका वास आणि प्रत्येक छऱ्याला वेगळा वेग. चामड्याच्या पिस्टन-सीलला सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब लागतात, सिंथेटिकला एकही नाही. धूर येत असेल तर पन्नासेक छर्रे मारून तो थांबतो का पाहा; थांबला नाही तर पिस्टन काढून पुसावा लागेल. रिकामी फायर करून तेल 'उडवू' नका, पिस्टन समोरच्या भिंतीवर आपटतो.

वेगावर संशय अजून असेल तर मोजा. फोन नळीच्या तोंडाजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. दहा मीटरवरच्या पत्र्याचा टोला वेगळा उमटतो. दोन्ही आवाजांमधल्या वेळेतून ०.०२९ सेकंद वजा करा, तेवढा वेळ टोल्याचा आवाज परत यायला लागतो. उदाहरणार्थ ०.०८४ सेकंद आले तर छऱ्याला ०.०५५ लागले, म्हणजे सरासरी वेग १८२ मीटर. दहा छऱ्यांची सरासरी नोंदून ठेवा आणि स्प्रिंग बदलायचीच झाली तर नंतर परत मोजा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरच्या घरात पोचला की २० जूलची मर्यादा गाठली जाते, म्हणून बाजारातली 'जास्त ताकदीची' स्प्रिंग घेऊ नका. स्प्रिंग सिलिंडरमध्ये दाबूनच बसवलेली असते. सॅश क्लॅम्पचा किंवा तसाच स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर मागची टोपी उघडू नका.